गिटारवर नाव कुणाचं

महाडच्या बाजारात भांड्यांच्या एका दुकानाच्या पायरीलगत माझं टेबल आहे. टेबलावर पेनाएवढं एक विजेचं मशीन, आणि पलीकडे मी. भांडं घ्या, माझ्याकडे या, नाव घालून घ्या आणि घरी जा. लग्नाची, बारशाची, वास्तुशांतीची, तेराव्याची, कसलीही भांडी असोत. अर्ध्या तालुक्याच्या मांडणीवर माझं अक्षर आहे, आणि हे मी जरा तोऱ्यातच सांगते. त्याला कुणी नावं ठेवत असेल तर खुशाल ठेवो.

माझा एक नियम आहे. नाव घालण्याआधी मी ते मोठ्यानं वाचते आणि गिऱ्हाइकाकडून हो म्हणवून घेते. स्टीलवर कोरलेलं खोडता येत नाही. माझ्या आधी इथे बसणाऱ्या बाईंनी एकदा नवरदेवाच्या भांड्यांवर त्याच्या थोरल्या भावाचं नाव घालून ठेवलं. त्या घरात अजून दर सणाला त्यावरून टोमणे चालतात. म्हणून मी घाई करत नाही. गिऱ्हाईक कितीही म्हणो, एसटी सुटेल, लवकर घाला, मी म्हणते, आधी हो म्हणा.

आमच्याकडे वस्तूवर नाव असतं ते घेणाऱ्याचं, देणाऱ्याचं, नाहीतर गेलेल्याचं. देणाऱ्याचं असलं तर 'यांजकडून', गेलेल्याचं असलं तर 'यांच्या स्मरणार्थ'. करणाऱ्याचं नाव घालायला आजवर कुणी माझ्याकडे आलं नाही. हंडा कुणी ठोकला, परात कुणी घडवली, कुणाला पडलंय? आणि नाव असणं इथं नुसतं मिरवायला नसतं. सावित्री नदीला पूर आला की बाजारात पाणी शिरतं आणि भांडी तरंगत निघतात. पाणी ओसरल्यावर चिखलातलं भांडं उचलायचं, पुसायचं, नाव वाचायचं आणि ज्याचं त्याला नेऊन द्यायचं. दुकानातली माझी पाण्याची कळशी अशीच दोन आळ्या पलीकडे सापडली आणि एक बाई ती घासूनपुसून घेऊन आली. बिननावाचं भांडं मात्र ज्याच्या दारात अडकलं त्याचं होतं.

आता आमच्या घरच्यांविषयी. त्यांचं नाव मी घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं, तेही नणंदांनी दार अडवून धरलं आणि पाय दुखायला लागले म्हणून. त्यानंतर 'अहो', 'ऐकलंत का', आणि मी रागात असले की नुसतं भांडं आपटणं. इथेही मी त्यांना 'हे'च म्हणणार.

हे मूळचे सुतार. तरुणपणी मुंबईला गेले, गिटार बनवायच्या एका लहान कारखान्यात लागले आणि तिथेच रमले. गिटारचं पोट वाकवायचं, मान घासायची, मानेवर पट्ट्या बसवायच्या, सगळं यांच्या हातचं. गिटारच्या डोक्यावर, खुंट्या असतात तिथे, मात्र कुठलंतरी इंग्रजी नाव, जे त्या कारखान्यात कुणाचंच नव्हतं. एकदा मी मुंबईला गेले होते तेव्हा मला त्यांनी काचांचं एक मोठं दुकान दाखवायला नेलं. भिंतभर गिटारी. एका तांबूस गिटारकडे बोट दाखवून म्हणाले, "ती हाय ना, ती माझी." दुकानातल्या माणसानं ऐकलं. डोक्यावरचं नाव दाखवून तो हसला आणि म्हणाला, "काका, नाम तो पढो. ये आपका कैसे?"

यांनी बाहेर येऊन वडापाव घेतला, तोही अर्धा माझ्या हातात दिला. तेव्हापासून मला ठाऊक आहे या माणसाला काय हवंय. तोंड उघडून मागायचं मात्र नाव नाही.

पुढे तो कारखाना बंद झाला आणि हे आमच्या गावी, कापड्याला, घरी आले. गोठा रिकामाच होता. तिथे पंखा लावला, दिवा लावला आणि गिटार करायला बसले. पोटाला फणसाचं लाकूड, वरच्या फळीला शिवणीचं, मानेला मोडलेल्या घरांच्या वाशांचा जुना साग. पहिली गिटार तयार झाली तेव्हा आळीतल्या बायका बघून गेल्या. एकीनं विचारलं, "ही दुधी कोरून केली काय गो?" मी म्हटलं, हो, तुझ्याच मांडवावरचा.

विकायची कुठे, तर आमच्या भांड्यांच्या दुकानात. दुकानाचे मालक भला माणूस. म्हणाले, "टांगा तिकडं झाऱ्यांशेजारी, माझं काय जातंय." कढया, झारे, पुरणयंत्रं, आणि मधोमध गिटार. कॉलेजातली मुलं यायची, बँकेत बदलून आलेले साहेब यायचे, शाळेतल्या एक बाई तर कुकर घ्यायला आल्या आणि गिटार घेऊन गेल्या. सगळ्यांचा प्रश्न एकच, कंपनी कुठली? हे डोकं खाजवत म्हणायचे, "कंपनी नाय, घरची हाय." लोणचं विकावं तसं. गिटारच्या डोक्यावर जागा कोरीच.

मी कितीदा म्हटलं, घालते ना तुमचं नाव. मशीन माझं, हात माझा. तर म्हणायचे, "राहू दे गो. नाव घालण्याएवढं काय केलंय." माणूस चांगला, पण कधीकधी डोक्यात जातो.

गणपती गेले आणि मुंबईहून वाद्यांचा एक व्यापारी कुठल्यातरी लग्नाला गावाकडे आला. महाडला थांबला, भांड्यांत टांगलेली गिटार त्याला दिसली. वाजवून पाहिली, उलटीसुलटी केली. मग म्हणाला, "काका, हे महाग काम आहे. मला याच्यात हलका माल पाहिजे. पोट प्लायवूडचं करा, चमक द्या, जितकी कराल तितकी उचलतो. फक्त डोक्यावर माझं नाव लागेल, ते स्टिकर मी आणीन." दिवाळीनंतर येतो म्हणून गेला. यांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. दोन्ही मी पाहिलं.

त्या संध्याकाळी कापड्याला आमचं चांगलंच वाजलं. मी तांदूळ निवडत होते, हे चहा ढवळत होते, साखर कधीच विरघळली होती.

"हलकीवर आपलं नाव नकोच," हे म्हणाले. "त्याचं लागतंय ते बरंच हाय. चांगलीवर घालू आपलं कधीतरी."

"कधीतरी म्हणजे मी गेल्यावर का? तेव्हा मशीन कोण चालवणार?"

"तसं नाय गो. हलक्या मालानं नाव खराब होतं."

"खराब व्हायला आधी असावं लागतं. कुठाय ते? दाखवा मला."

हे चहाच ढवळत राहिले. मग मी जरा नरमले. म्हटलं, "माझ्याकडे पितळी हंडा घेऊन येणारी असते तशी पातळ ताटवाटीवाली पण असते. पातळ ताट आहे म्हणून मी अक्षर वेडंवाकडं काढते का? तिलाही पूर येतो, तिचंही ताट वाहून जातं."

"तुझं ताट वाकलं तर तुला कोण इचारतंय? माझी मान वाकली तर मला शिव्या पडतील."

यात तथ्य होतं, आणि मी तसं सांगितलंही. आमच्या पावसाळ्यात दारं फुगतात, पापड सादळतात, तिथे गिटारची हलकी मान सरळ कशी राहणार? मान वाकली की सूर गेला. म्हटलं, मग मान चांगलीच घाला आणि काटकसर दुसरीकडे करा. शिऱ्यात काजू नाही घातले तर चालतात, रवा कच्चा राहून चालत नाही. यांनी नक्षी काढून टाकली, झिलई कमी केली, खुंट्या साध्या घेतल्या, पोट प्लायवूडचं केलं. मान मात्र तीच, सागाची, वाकू नये म्हणून आत लोखंडी सळी घालून. दसऱ्याला पहिली हलकी गिटार तयार झाली. दिसायला अगदी गरीब, पण आवाज खणखणीत. आम्ही दोघं खूश होतो. नावाचं मात्र तसंच राहिलं. दिवाळी जवळ येत चालली आणि मला त्या स्टिकरांची चीड यायला लागली.

गणपतीतच पाचाडचा एक जण येऊन गेला होता. तो मुंबईत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो, मोबाईलवर त्याचे व्हिडिओ बरेच लोक बघतात. गावी आला की आमच्या दुकानात येऊन गिटार छेडत बसायचा. म्हणाला, "काका, माझ्या नावाची एक गिटार काढा. मोठ्या कंपन्या काढतात तशी, वर वाजवणाऱ्याची सही. माझे लोक घेतील ना."

हे अशा वेळी भलतेच ताठ होतात. म्हणाले, "नुसती सही नाय चालणार. तुला जशी पायजे तशी करतो, तू ती वर्षभर वाजव. तू वाजवशील तीच दुसऱ्याला देईन. तू दुसरीच वाजवणार नि सही हिच्यावर, हा धंदा माझ्याच्यानं होणार नाय."

त्यानं कबूल केलं. त्याच्या हाताप्रमाणे मान जरा अरुंद, पोट जरा लहान, अशा दोन गिटारी दसऱ्यापर्यंत झाल्या. एक तो घेऊन गेला, दुसरी दुकानात टांगायची होती. त्यानं कागदावर सही करून दिली होती. सही कसली, कोंबडीनं पाय आपटावेत तशी. मी म्हटलं, ही महाडात वाचणार कोण? मी पितळेची एक पट्टी घेतली आणि तिच्यावर माझ्या वळणदार अक्षरात, श्री. लावून, त्याचं पूर्ण नाव, खाली मुक्काम पोस्ट पाचाड, असं सुरेख कोरलं. त्याला फोनवर वाचून दाखवलं, त्यानं हो म्हटलं. नियमाप्रमाणे सगळं केलं. पट्टी गिटारवर ठोकली, गिटार झाऱ्यांशेजारी टांगली. मी आजही विचारते, यात माझं काय चुकलं?

दुसऱ्या दिवशी पाचाडची एक बाई लेकीच्या लग्नाची भांडी घ्यायला आली. माझ्यासमोर बसून तिनं नावं घालून घेतली, आणि बसल्या बसल्या तिची नजर त्या पट्टीवर गेली. वाचलं. तोंडाला पदर लावला. मला वाटलं, भांड्यांच्या खर्चानं आलं असेल रडू. तिनं विचारलं, "कधी हो?" मी म्हटलं, "कालच लावली." ती म्हणाली, "काल?" आणि मान हलवत उठून गेली.

पितळी पट्टी, वर श्री., पूर्ण नाव, खाली गाव. देवळातल्या घंटेवर असते तशी, शाळेतल्या बाकावर असते तशी. तिनं बरोबरच वाचलं, आमच्या मुलखात अशी पट्टी माणूस गेल्यावरच लागते. एसटी पाचाडला पोचेपर्यंत ही बातमी सगळ्या गाडीला कळली. संध्याकाळी शेजारणी त्याच्या आईकडे पिठलं-भाकरी घेऊन गेल्या, कारण दुःखाच्या घरी चूल पेटत नाही. त्याची आई ओट्यावर सुकट निवडत बसलेली. मुलगा मोबाईलवर समोरच, आईला नवा शर्ट दाखवतोय. शेजारणींनी मोबाईलमध्ये डोकावून पाहिलं आणि टोपल्या खाली ठेवल्या.

थोड्या वेळानं मला त्याचा फोन. "काकी, मी जिवंत हाय हो."

"असायलाच पाहिजेस," मी म्हटलं. "वर्षभर वाजवायचं कबूल केलंयस."

मग त्यानं सगळं सांगितलं आणि मी एवढी हसले की मला ठसका लागला. हे मात्र हसेनात. त्यांना वाटलं, त्या माउलीला काय वाटलं असेल. म्हणून चार दिवसांनी तो गावी आला तेव्हा आम्ही दोघं नारळ घेऊन पाचाडला गेलो. त्याची आई म्हणाली, "अहो, बरंच झालं. मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं. आणि पिठलं इतकं झालं की आम्ही सगळ्यांनी बसून जेवलो." मग मुलाकडे वळून म्हणाली, "पण ती पाटी तेवढी बदला रे. माझ्या जिवाला बरं वाटत नाय."

"काढून टाकतो," हे म्हणाले.

"काढू नका," मुलगा म्हणाला. "काकी, त्यात क्रियापदच नाही. मी जिवंत आहे हे कळणार कसं? नावापुढं काहीतरी घाला. काय करतो ते घाला."

आणि तसंच केलं. नवी पट्टी घेतली. श्री. उडवलं, गाव उडवलं. नाव, आणि पुढे 'ही वाजवतात'. एवढंच. टांगल्यावर लोक थांबून वाचायला लागले आणि हसायला लागले. पण कुणी पदर लावला नाही. ती गिटार आठवड्यात गेली, पोलादपूरचा एक कंपाउंडर घेऊन गेला. यांनी त्याच मापाची दुसरी करायला घेतली.

मला मात्र ते 'वाजवतात' चैन पडू देईना. मी इतकी वर्षं नावं घालतेय, नावापुढे काम घालायचं मला सुचलं नव्हतं. रात्रंदिवस ते डोक्यात घोळत होतं, पण मी यांना काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर 'राहू दे गो' ऐकावं लागलं असतं. दिवाळीची भांडी जोरात होती, बोलायला फुरसतही नव्हती.

दिवाळी झाली आणि व्यापारी आला, ठरल्या दिवशी, गाडी घेऊन. हलक्या गिटारी तयार होत्या, दुकानात भिंतीला टेकवून ओळीनं ठेवलेल्या. यांनी नवा शर्ट घातला होता. व्यापाऱ्यानं एक एक वाजवली. खूश झाला. म्हणाला, "काका, मान एक नंबर. एवढी चांगली कशाला घातली?" मग पिशवीतून स्टिकरांचा ताव काढला, चंदेरी, चमकणारा, आणि एक स्टिकर सोलून बोटावर धरला.

मी भांडं खाली ठेवलं. माझ्यासमोर एक आजोबा नातवाच्या बारशाची वाटी घेऊन उभे होते, त्यांना म्हटलं, जरा थांबा.

यांनी त्याच्या हातातली गिटार काढून घेतली. ओढून नाही, लहान मूल दुसऱ्याकडून घ्यावं तशी. म्हणाले, "शेठ, माल देतो. तुमचं नाव नाय लावायचं पण."

"काका, गावचं नाव मुंबईत चालत नाही. लोक कंपनी बघतात."

"असंल. पण मान वाकली तर लोकांनी आणायची कुठं? तुमच्याकडं तर मान नीट करणारा कोण नाय." नाव असलं की वस्तू घरी परत येते, हे माझंच पुराचं बोलणं यांनी स्वतःचं करून सांगितलं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

व्यापारी थोडा वेळ समजावत राहिला. मग स्टिकर परत तावावर चिकटवला आणि म्हणाला, विचार करून फोन करतो. अजून फोन आलेला नाही. त्या गिटारी पुढे इथेच खपल्या, सावकाश, महाडात नि पोलादपुरात, काही पाचाडच्या व्हिडिओवाल्यामुळे खेडला आणि चिपळूणलाही गेल्या. आमचं बरं चाललंय.

पण त्या दिवशीचं सांगायचं राहिलं. गाडी गेल्यावर हे गिटार हातात घेऊन माझ्या टेबलापाशी आले. आजोबांच्या मागे उभे राहिले. नंबर लावून. आजोबांची वाटी झाली, ते बाजूला झाले, पण गेले नाहीत. दुकानाचे मालकही गल्ल्यावरून उठून आले. यांनी गिटार टेबलावर ठेवली. सगळ्यांत साधी, कमी झिलईची, पहिली हलकी गिटार होती ती.

"नाव घालायचं हाय," हे म्हणाले. मान खाली.

"कुणाचं?"

"तुला ठाव हाय."

मी पितळेची पट्टी काढली. वाळूच्या कागदानं घासली, उगाचच, ती चकचकीतच होती. "पुढं काय घालू?" मी विचारलं.

यांनी गिटारच्या कोऱ्या डोक्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "'यांनी केली' असं घाल."

मशीन मी हातात घेतलं होतं. पण माझा नियम आहे, आणि तो मी कुणासाठी मोडलेला नाही. आधी मोठ्यानं वाचायचं, गिऱ्हाइकाचा होकार घ्यायचा. उखाणा नाही, दार अडवलेलं नाही, भर बाजार, आणि समोर हे. मी त्यांचं नाव घेतलं. त्यांचं, त्यांच्या वडिलांचं, आणि आडनाव, सगळं, सरळ, हाक मारल्यासारखं.

आणि हे 'हो' म्हणाले नाहीत. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "ओ."